उजनीच्या पाण्याकाठी : भाकरी, जत्रा आणि संथ दिवस

पुण्याहून सोलापूरकडे जाणारी गाडी भीमानगरजवळ आली की उजवी-डावीकडे पाहण्याइतका वेळही मिळत नाही. मुले धरणाची भिंत पाहतात, मोठी माणसे पाणी किती आहे याचा अंदाज बांधतात आणि टेंभुर्णी येते. कुंथलगिरीच्या दर्शनाला कुर्डुवाडी-बार्शीकडे वळणारी कुटुंबे तर येथे चहापुरतीच थांबतात. ज्या पाण्यावर सोलापूर शहराची तहान आणि जिल्ह्यातील ऊस अवलंबून आहे, त्या पाण्याच्या काठावरील गावे मात्र या प्रवासात कधी लागतच नाहीत. त्यांच्यासाठी महामार्ग सोडून करमाळा तालुक्यात शिरावे लागते आणि हाताशी निदान एक पूर्ण दिवस असावा लागतो.

भीमा नदीवरील हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. यशवंतसागर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जलाशयाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. व्यापारी वाचकाला गंमत वाटेल अशी गोष्ट म्हणजे यातील निम्म्याहून अधिक साठा मृतसाठा आहे. म्हणून वृत्तपत्रांत ‘उजनी उणे वीस टक्के’ असे मथळे येतात, तरीही धरणात पाणी दिसतच असते. भांडवलाला हात लागला, एवढाच त्याचा अर्थ.

या पाण्याखाली नदीकाठची जुनी गावठाणे गेली. माणसे वर सरकली आणि एकाच गावाची अनेक गावे झाली. करमाळा तालुक्यात वांगी एक, वांगी दोन, वांगी तीन अशी गावे आहेत. केत्तूरलाही क्रमांक आहेत. बाहेरच्या माणसाला हे क्रमांक खातेपुस्तकातील पानांसारखे वाटतात. पण त्या प्रत्येक आकड्यामागे एका वाड्याची, एका पाराची, एका विहिरीची वाटणी झालेली आहे. कडक उन्हाळ्यात पाणी ओसरले की पलीकडच्या इंदापूर तालुक्यात पळसदेवचे प्राचीन मंदिर उघडे पडते. मोकळ्या झालेल्या गाळाच्या जमिनीत काही शेतकरी घाईघाईने पीक घेतात, कारण पावसाळ्यात ती जमीन पुन्हा पाण्याची होणार असते. हिवाळ्यात याच उथळ काठांवर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि शहरातील मंडळी छायाचित्रणाची साधने घेऊन येतात. भिगवणचे नाव अनेकांना मासळीबाजारामुळे ठाऊक असते. आपल्या वाचकांची वाट अर्थातच तिकडून जात नाही.

‘संथ जीवन’ हा शब्द अलीकडे शहरांत फार गोड झाला आहे. काठावरील गावांत संथपणाची किंमतही ठाऊक आहे. कुगावहून समोर कळाशी दिसते, परंतु रस्त्याने जायचे तर मोठा वळसा पडतो. म्हणून माणसे, दुचाकी, बाजाराची पोती सारे होडीने जात असे. २१ मे २०२४ च्या सायंकाळी वादळी वाऱ्यात अशीच एक होडी उलटली आणि सहा जण बुडाले. त्यांत लहान मुलेही होती. शिरसोडी-कुगाव पुलाची मागणी येथील लोकांनी केली ती घाईची हौस म्हणून नव्हे.

या काठाची खरी श्रीमंती पाहायची तर चुलीपाशी बसावे. सोलापूर जिल्हा रब्बी ज्वारीचा. मोहोळच्या संशोधन केंद्राशी जोडलेले मालदांडी वाण प्रसिद्धच आहे आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून कढत पाणी घालून ते काठवटीत तळहाताच्या टाचेने मळावे लागते. गोळा कोरड्या पिठावर ठेवून एका हाताने थापायचा आणि थापता थापता फिरवायचा. कडा चिरल्या नाहीत, जाडी सर्वत्र सारखी राहिली, तर हात बसला म्हणायचे. तव्यावर टाकून वरच्या बाजूस पाणी फिरवतात, उलटतात आणि शेवटी चुलीच्या निखाऱ्यासमोर उभी करतात. पापुद्रा सुटून भाकरी टम्म फुगते. या सगळ्यास दोन-तीन मिनिटे लागतात. ते शिकण्यास मात्र काही वर्षे.

येथे एक जाणती बाई सहज सांगून जाते की जुन्या पिठाची विरी जाते, मग भाकरी थापतानाच फाटते. जैन घरांत पिठाची मर्यादा पाळतात : पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. आज्या हा हिशेब धर्म म्हणून सांगत; चुलीपाशी तोच हिशेब कारागिरीचा निघतो.

सोलापूरची कडक भाकरी हा याचाच पुढचा टप्पा. ती अधिक पातळ थापतात आणि मंद आचेवर ओलावा पुरता जाईपर्यंत शेकतात. खाकऱ्याशी परिचय असलेल्या घरांना तिचे महत्त्व वेगळे सांगायला नको. प्रवासात ती दिवसेंदिवस टिकते. सोलापुरात ती पाकिटांत भरून विकणे हा अनेक स्त्रियांचा व्यवसाय झाला आहे. सोबतची शेंगदाण्याची चटणी लसूण न घालता कुटून मिळते. मात्र ते आधी सांगावे लागते.

जत्रेचा विचार असेल तर करमाळ्याची कमलादेवी आहे. अठराव्या शतकात रावरंभा निंबाळकरांनी बांधलेल्या या देवालयात ९६ खांब आहेत आणि जवळच्या विहिरीला ९६ पायऱ्या. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेत शेवरेवडी, बांगड्या, लोखंडी तवे, पाळणे असे सारे मांडले जाते. तवा घेणारी स्त्री तो बोटाने वाजवून पाहते, उन्हात धरते, परत ठेवते, पुन्हा उचलते. दुकानदारही तिला घाई करत नाही, कारण पुढच्या वर्षी तीच गिऱ्हाईक येणार असते.

मात्र काठावरच्या शेतांत आता ज्वारी शोधावी लागते. पाणी आले, ऊस आला, कंदर भागात निर्यातीची केळी आली. मुलांची शिक्षणे झाली, पक्की घरे उभी राहिली. कमी पाण्यावर येणाऱ्या पिकासाठी भरल्या धरणाकाठची जमीन कोण अडकवील? शेतकऱ्याचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. परिणाम इतकाच की अनेक घरांत भाकरीची ज्वारी आता बाजारातून येते आणि चुलीची जागा गॅसने घेतली आहे. धुरातून सुटलेल्या स्त्रियांना त्याचे दुःख नाही. चुलीवरच्या भाकरीची आठवण पाहुण्यांनाच अधिक येते.

तरीही पाहुणे आले की अंगणातली चूल पेटते. सूर्यास्तापूर्वी जेवण हवे असे आधी कळवले असेल, तर चारच्या सुमारास काठवट बाहेर येते. पाण्यावर तिरके ऊन असते. ताटात गरम भाकरी, पिठले, चटणी आणि वर लोण्याचा गोळा येतो. जेवण आटोपते तेव्हा पलीकडच्या इंदापूरच्या काठावर अजून उजेड असतो आणि यजमानीण उरलेल्या पिठाच्या पातळ भाकऱ्या निखाऱ्याभोवती उभ्या करत असते, पाहुण्यांच्या उद्याच्या प्रवासासाठी.