भाषेची अदलाबदल

मराठी आणि कानडी आम्हाला अंगणातच मिळाल्या. माझा भाचा मात्र तीन वर्षे घाम गाळून चिनी शिकतो आहे. 'मा' हा उच्चार सूर बदलला की आई, घोडा किंवा रागावणे होतो! वाचायला साडेतीन हजार चिन्हे हवीत. अमेरिकन परराष्ट्र खात्याची संस्था इंग्रजी भाषकांना चिनीसाठी सुमारे २२०० तास सांगते. स्पॅनिशला त्याच्या जेमतेम एक तृतीयांश.

नोकरीच्या काळजीने ताई म्हणते, "त्यापेक्षा जर्मन घे." मीही त्याला विचारले, "बदलशील?"

"नाही मामा," तो म्हणाला. "क्रियापदाला लिंग-वचनाची कटकट नाही. आणि बीजिंगकडे 'आम्ही' वेगळे, 'आपण' वेगळे, अगदी मराठीसारखे!" कानडीत दोन्हींना 'नावु'च, हे तेव्हा माझ्या ध्यानी आले.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, तिथली भाषा शिकले आणि १९४२ मध्ये रुग्णसेवा करतानाच तिथे वारले. त्यांच्या चिनीचा हिशेब पगारात कसा मांडणार?

ताईची काळजी खोटी नाही. जर्मन त्याने जरूर शिकावी, पण जोडीला. भाषा म्हणजे बोहारणीला देऊन भांडे घ्यायचा जुना कपडा नव्हे. दोन भाषांत वाढलेल्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको.