साडेतीन हात पुढची वाट

बँकेच्या नोकरीत माझी सायकल घर ते शाखा एवढीच धावली, आणि तीही पहिली सात-आठ वर्षे. पुढे स्कूटर आली. त्यामुळे पासष्टी ओलांडल्यावर फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून सायकलने दोन दिवसांचा प्रवास घडेल, असे कोणी सांगितले असते तर माझा विश्वास बसला नसता. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त पॅरिसला असतात. मे महिन्यात आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो असता त्यांनी हा बेत पुढे ठेवला. सौ.नी स्वतःपुरता स्वच्छ नकार दिला, आणि माझ्यासाठी खाखऱ्यांचा डबा भरून दिला.

तिकडे या सायकलीस ग्रॅव्हल बाइक म्हणतात. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले, पण टायर चांगले चाळीस मिलिमीटर रुंद, आणि त्यांत हवा मुद्दाम थोडी कमी. डांबर संपून खडी लागली तरी बसणाऱ्याने उतरू नये, अशी तिची रचना. माझ्या सायकलीस चढावर साथ देणारी विजेची मोटरही होती; ते लपवण्यात अर्थ नाही.

पॅरिसच्या बेर्सी स्थानकातून सायकलींसह आगगाडीत बसून आम्ही बरगंडी प्रांतातील तोनेर या गावी उतरलो. तेथून बरगंडी कालव्याच्या काठाने पहिल्या दिवशी आंसी-ल-फ्रां आणि दुसऱ्या दिवशी मोंबार, असा आमचा मार्ग होता. या कालव्याची कथा व्यापारी घरांनी ऐकण्यासारखी आहे. योन आणि सोन या दोन नद्यांना जोडणारा हा कालवा २४२ किलोमीटर लांबीचा. मधला डोंगर चढून उतरण्यासाठी नावेला १८९ जलद्वारे पार करावी लागतात. १७७५ मध्ये सुरू झालेले काम मधल्या राज्यक्रांतीतून जात १८३२ मध्ये पूर्ण झाले, आणि १८५१ मध्ये याच खोऱ्यातून पॅरिस ते दिजों आगगाडी धावू लागली. म्हणजे सत्तावन्न वर्षे बांधकाम आणि एकोणीस वर्षे निर्वेध कमाई! असा कर्जप्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता, तर मीही सर्व आकडे तपासून तो मंजूर केला असता. आगगाडी कोणत्या कागदावर दिसणार होती? आता मालवाहतूक संपली आहे. सहलीच्या नावा संथपणे जातात, आणि ज्या काठवाटेने घोडे नावा ओढून नेत, तिच्यावर सायकली चालतात. कुठे डांबर, कुठे दाबून बसवलेली खडी, कुठे गवतातून गेलेल्या नुसत्या दोन चाकोऱ्या. एका बाजूस पाणी, दुसऱ्या बाजूस गव्हाची शेते आणि चरणाऱ्या पांढऱ्या गाई. प्रत्येक जलद्वारापाशी पूर्वीच्या राखणदाराचे छोटे घर.

तोनेरमध्ये फोस दियोन नावाचा निळ्याहिरव्या पाण्याचा झरा आहे; त्याभोवती अठराव्या शतकात बांधलेला गोल धोबीघाट अजून उभा आहे. तो पाहण्यात वेळ गेला. पुढे तांले गावी पाऊस लागला आणि आम्ही एका पडवीखाली दोन तास अडकलो. पाऊस थांबला तेव्हा सात वाजले होते आणि अठरा-वीस किलोमीटर शिल्लक होते.

येथे माझी घाई सुरू झाली. मी चौविहार पाळतो. मेअखेरीस तेथे सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे पॅरिसमध्ये या व्रताची काहीच अडचण वाटली नव्हती. उलट इतक्या उशिरापर्यंत जेवण्याची मुभा आहे म्हणून मी सौ.ची थट्टाही केली होती. पण आमचे मोठे सामान गाडीने परस्पर मुक्कामी गेले होते आणि खाखऱ्यांचा डबा त्यात होता. वाटेतला पाव आंबवलेला. तेथील नामांकित चीजमध्ये बहुधा वासराच्या जठरातले विरजण असते, म्हणून तेही वर्ज्य. तेव्हा सूर्यास्तापूर्वी डब्यापर्यंत पोहोचणे, एवढाच विचार डोक्यात. मोटरचा जोर वाढवून मी पुढे निघालो. चिरंजीव मागे.

तासभर उत्तम गेला. ओल्या मातीचा वास येत होता, कालव्यावर बदके होती, वेग ताशी पंधरा-सोळा किलोमीटर होता. मग चाकाखाली एक बारीक आवाज झाला. वाळके पान चुरडावे तसा. थोड्या वेळाने पुन्हा. मला वाटले, शिंपले असतील किंवा खडी. मागून हाक आली, "पप्पा, थांबा. खाली बघा."

वाटभर गोगलगायी होत्या. तपकिरी शंखाच्या, काही लिंबाएवढ्या. पाऊस पडून गेला की त्या एका बाजूच्या गवतातून दुसऱ्या बाजूच्या गवताकडे निघतात, आणि अर्ध्या हाताची खडी ओलांडायला त्यांना बराच वेळ लागतो. माझ्या मागे टायरच्या रेषेत जे दिसले, त्याचे वर्णन करीत नाही.

मी सायकलवरून उतरलो. गेली चाळीस वर्षे प्रतिक्रमणात इरियावहियं सूत्र म्हणत आलो आहे. येता-जाता पायाखाली आलेल्या, एका इंद्रियापासून पाच इंद्रियांपर्यंतच्या जीवांची त्यात क्षमा मागितली जाते. शंख, शिंपले, गोगलगाय हे दोन इंद्रियांचे जीव, हे पाठशाळेत शिकलो, पुढे मुलालाही शिकवले. साधू-साध्वी साडेतीन हात पुढची जमीन पाहत पाऊल टाकतात. हिशेबाची सवय जात नाही, म्हणून तेथे उभ्या उभ्या मनात आकडे आले: ताशी पंधरा किलोमीटर म्हणजे सेकंदाला चार मीटरहून अधिक, साडेतीन हात म्हणजे दीड मीटरहून थोडे जास्त. एवढे अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत संपते. डोळ्यांना दिसून हाताने ब्रेक दाबेपर्यंत चाक जीवावरून गेलेले असते. चातुर्मासात विहार का थांबतो, हे मी अनेक व्याख्यानांत ऐकले होते. आणि मी एक व्रत सांभाळण्यासाठी धावत होतो.

चिरंजीव काही बोलला नाही. घरी असताना पाठशाळेत जाणारा हा मुलगा आठ वर्षे परदेशी एकटा राहून काय पाळतो आणि काय नाही, हे मी कधी विचारलेले नाही. विचारले की उत्तर ऐकावे लागते. त्याने सायकल झाडाला टेकवली आणि खाली बसून एकेक गोगलगाय शंखाला धरून उचलू लागला. ती ज्या दिशेला चालली होती, त्याच बाजूच्या गवतात ठेवत होता. मी म्हणालो, "अरे, किती उचलशील?" तो म्हणाला, "आपल्या वाटेतल्या."

मुख्य रस्त्याने गेलो तर वेळेत पोहोचू, असे त्याने एकदा सुचवले. त्या अंधूक प्रकाशात मालमोटारींच्या रस्त्याला लागायचे मला धाडस नव्हते, आणि खरे सांगायचे तर इच्छाही नव्हती. उरलेले सहा किलोमीटर आम्ही सायकली हाती धरून पायी चाललो. तो दिव्याच्या उजेडात पुढे बघायचा, मी मागून. साडेनऊच्या थोडे आधी मी बाटलीतले पाणी पिऊन पच्चक्खाण घेतले.

चालता चालता त्यानेच सांगितले की या मोठ्या जातीच्या गोगलगायी १ एप्रिल ते ३० जून या काळात गोळा करण्यास फ्रान्समध्ये कायद्याने बंदी आहे. १९७९ चा तो आदेश आहे. त्यांचा प्रजननाचा काळ सांभाळायचा म्हणून. म्हणजे जुलैपासून ताटात घेण्यास हरकत नाही. मला आधी चीड आली. मग वाटले, तीन महिने का होईना, हात आवरायला सांगणारा कायदा तेथे आहे. आणि मे महिन्यात त्या जातीचे जीव मारणारा त्या वाटेवर त्या संध्याकाळी मीच होतो.

मुक्कामी पोहोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. घरमालकीणबाईंनी मुलासाठी सूप गरम करण्याची तयारी दाखवली. "तू जेवून घे," मी म्हटले. त्याने त्यांना फ्रेंचमध्ये काहीतरी सांगितले, त्या हसून आत गेल्या. तो तसाच झोपला. मी प्रतिक्रमणाला बसलो. इरियावहियं म्हणायला नेहमीपेक्षा फार वेळ लागला.

सकाळी नवकारशी झाल्यावर डबा उघडला. त्याने सहा खाखरे खाल्ले, मी चार. बाहेर गवतावर दव होते, वाट अजून ओली दिसत होती. मोंबारला जाणारी वाट सुमारे तीस किलोमीटरची, आणि परतीची गाडी तेथून दुपारची होती.

"किती वाजता निघायचं, पप्पा?"

"ऊन वर येऊ दे," मी म्हटले, "वाट वाळू दे. गाडी चुकली तर पुढची धरू."