दम घ्यायला लावणारी सिस्टर

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर आज गुणवत्तेचं प्रमाणपत्र पाहिलं. राष्ट्रीय मानकांनुसार त्यासाठी किमान ७० टक्के गुण लागतात. नोंदवह्या, औषधसाठा, लसींच्या फ्रीजचं तापमान सगळं तपासतात. हे हवंच, २ ते ८ अंशांबाहेर गेली की लस वाया जायची भीती असते.

पण माझं लक्ष सिस्टरकडे होतं. उन्हातून चालत आलेल्या गरोदर बाईच्या दंडाला तिने लगेच बीपीचा पट्टा बांधला नाही. "बस गं, आधी दम घे, पाणी पी." पाच मिनिटांनी बीपी घेतलं, आकडा बाईला समजावून सांगितला. धापा टाकत असताना घेतलेला आकडाही वहीत तितकाच नीटनेटका दिसला असता!

वहीत न दिसणारा हा फरक सेवा घेणारेच सांगू शकतात. म्हणूनच २००७ मध्ये महाराष्ट्रात सुरू झालेली आरोग्यसेवांची लोकाधारित देखरेख मला फार मोलाची वाटते. गावकरीच सेवेला हिरवा, पिवळा, लाल शेरा देत. औषध बाहेरून का आणायला लावलं, हे जनसुनवाईत अधिकाऱ्यांना तोंडावर विचारत. आमच्याकडेही पुढच्या तपासणीआधी नुकत्याच बाळंत झालेल्या बायांची बैठक घ्यावी, असं उद्या डॉक्टरांना सांगणार आहे. रात्री कळा सुरू झाल्यावर दार किती वेळात उघडलं, ते त्याच सांगतील.