दोन ओळी लिहिल्या आणि अख्खं टेबल मांडून झालं!

अहो, हे मला आधी कुणी सांगितलं का नाही? भेटेल त्याला मी सध्या जँगोबद्दल सांगत सुटलेय, आता तुम्हीही ऐका.

तालुक्याच्या वाचनालयाची वेबसाइट करायला घेतली होती. वाचकांना घरबसल्या पुस्तक शोधता यावं आणि देवघेवीच्या टेबलावरच्या बाईंना नवी पुस्तकं स्वतःच चढवता यावीत, एवढीच मागणी. पायथन थोडंफार येत होतं, म्हणून जँगो हा फ्रेमवर्क घेतला. ‘पुस्तक’ नावाचं मॉडेल, म्हणजे नोंदीचा साचा, लिहिलं: दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, विषय, कपाट. मग ‘ॲडमिन डॉट पाय’ या फाइलमध्ये दोन ओळी घातल्या. एका ओळीत मॉडेल बोलावलं, दुसरीत ते नोंदवलं. सर्व्हर सुरू करून लॉगिन केलं, तर समोर भरायचा फॉर्म तयार! रकाने आहेत, लेखक निवडायची यादी आहे, जतन करायचं बटण आहे, आणि कुठल्या नोंदीत कुणी, कधी, काय बदललं याचा इतिहाससुद्धा आहे! एचटीएमएलचं एक अक्षर मी लिहिलेलं नव्हतं. आणखी एक ओळ घातली की शोधायची चौकट येते, आणखी एक घातली की विषयवार चाळणी. मी खुर्चीतून उठून घरातल्यांना बोलावून आणलं.

हे इतकं नेमकं कसं जमलं असेल, तर जँगोचा जन्मच एका वर्तमानपत्राच्या कचेरीतला. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ हे दैनिक निघतं. तिथे एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी 2003 मध्ये हे काम सुरू केलं आणि जुलै 2005 मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. नाव दिलं जँगो राइनहार्ट या जॅझ गिटारवादकाचं. बातमी लिहिणाऱ्याला प्रोग्रॅमरची वाट न बघता मजकूर चढवता यायला हवा, ही त्या कचेरीची निकड होती. आमच्या बाईंची निकड याहून वेगळी कुठे आहे?

पण खरी मजा पुढे आहे. सेटिंग्जच्या फाइलमध्ये सुरुवातीलाच सहा ॲप्सची यादी असते: ॲडमिन, ऑथ, कंटेंटटाइप्स, सेशन्स, मेसेजेस, स्टॅटिकफाइल्स. मी एकेका नावावर बोट ठेवून विचारत गेले, बाई, तुमच्या टेबलावर याचं काय काम? ऑथचं उत्तर ऐकून तर मी थक्क झाले. प्रत्येक मॉडेलमागे चार परवानग्या आपोआप तयार होतात: बघणं, घालणं, बदलणं, काढून टाकणं. सुट्टीत मदतीला येणाऱ्या मुलांचा वेगळा गट केला, त्यांना पहिल्या दोनच दिल्या. आता चुकून कपाट रिकामं व्हायची भीती नाही! पासवर्डही जसेच्या तसे साठवले जात नाहीत, त्यांचा हॅश, म्हणजे उलट उलगडता न येणारं रूप, ठेवला जातो. हे सगळं हाताने लिहायचं म्हटलं असतं तर माझ्याच्याने झालं नसतं.

या सहा नावांपलीकडे नकाशांसाठी जीआयएसचीही सोय आहे, फार दांडगी आहे, पण तिच्यासाठी जीडीएएलसारख्या लायब्ररी वेगळ्या बसवाव्या लागतात. आम्हाला पत्ता दाखवायचाय, तेवढ्याला नकाशाची एक लिंक पुरते. आरएसएस फीडही नको. साइटमॅप मात्र हवाच, म्हणजे गूगलला प्रत्येक पुस्तकाचं पान सापडतं.

आणि एक सोय अशी, की मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाने ती डोळ्यांखालून घालावी. शीर्षकावरून पानाचा पत्ता बनवणारं ‘स्लगिफाय’. त्याला ‘कोकणातील किल्ले’ दिलं तर हाती रिकामी ओळ येते, कारण मुळात ते इंग्रजी अक्षरंच ठेवतं. युनिकोडची परवानगी द्या, मग मिळतं ‘ककणतल-कलल’! पायथनच्या ज्या नियमाने अक्षरं ओळखली जातात, त्यात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे अक्षर म्हणून धरलेच जात नाहीत, सगळे गळून पडतात. म्हणून ही सोय मी घेतलीच नाही. पानाच्या पत्त्यात दाखल क्रमांक घातला. तो एकमेव असतो, कधी बदलत नाही, आणि पुस्तकावर आधीच लिहिलेला असतो.

नंतर आठवलं, भाषेचा रकाना राहिलाच. मॉडेलमध्ये एक ओळ वाढवली, मायग्रेशनच्या, म्हणजे डेटाबेसची रचना बदलायच्या, दोन आज्ञा दिल्या, आणि आधी भरलेल्या एकाही नोंदीला धक्का न लागता रकाना हजर! जँगोत हे अंगभूत आलं 2014 च्या 1.7 आवृत्तीपासून. मला तर मायग्रेशन हे ॲडमिनइतकंच मोलाचं वाटतं, कारण वाचनालयाच्या गरजा काही पहिल्याच बैठकीत सगळ्या आठवत नाहीत.

जँगो फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं, सोबतीला येणारा एसक्यूलाइट डेटाबेस सुरुवातीला भरपूर होतो. तुमच्या गावच्या वाचनालयाची यादी अजून वहीतच असेल, तर येत्या रविवारी टेबलावर जे बसतात त्यांना शेजारी घेऊन बसा आणि ती सहा नावांची यादी उघडा.