वचन कोणाला? मुलांनी विचारलं तर...

परदेशात मुलं वाढवणाऱ्या आईबाबांनो, 'तू इथली कशी?' हा प्रश्न आपल्या मुलांना कुठेही गाठतो. आम्ही बेने इस्राएल, आता इस्राएलमध्ये. इथे तो प्रश्न तोराच्या तासाला आला. वर्गातल्या एकीने लेकीला विचारलं, "तुम्ही इंडियाहून आलात, मग तुम्ही अब्राहामचे कसे?"

अशा वेळी "लक्ष देऊ नकोस" म्हणू नका. पुस्तक उघडा आणि सलग वाचा.

उत्पत्तीच्या १२व्या अध्यायात देशाचं वचन आहे, १५व्यात चांदण्यांइतक्या संततीचं. पण त्याच १५व्यात हेही आहे की ही संतती आधी ४०० वर्षं परक्या देशात हाल सोसेल. १७व्यात इश्माएललाही मोठं राष्ट्र करण्याचा आशीर्वाद आहे. तो वगळू नका. आणि २३व्यात सारा वारते, तेव्हा अब्राहाम हेब्रोनच्या लोकांना सांगतो की मी तुमच्यात उपरा आहे. एफ्रोन जागा तशीच देऊ करतो, तरी हा ४०० शेकेल चांदी मोजून गुहा विकत घेतो. वचन हातात असलेला माणूस असा वागतो! पुढे लेवीय २५मध्ये तर स्पष्टच आहे: जमीन देवाची, तुम्ही तिथे पाहुणे. म्हणजे वचन हा काही सातबारा नव्हे.

आता संतती. हिब्रू शब्द 'झेरा', म्हणजे बीज. मग नुसतं रक्तच मोजायचं का? १२व्या शतकात ओबद्या नावाच्या, ज्यू धर्म स्वीकारलेल्या माणसाने रांबामना विचारलं होतं, प्रार्थनेत 'आमच्या पूर्वजांचा देव' असं मी म्हणू का? त्यांनी कळवलं, जरूर म्हण. अब्राहामच्या वाटेने चालणारे सगळे त्याचीच लेकरं.

आमची परंपरा सांगते की पूर्वजांचं जहाज कोकणात नवगावजवळ फुटलं. तिथे पिढ्यान् पिढ्या तेल गाळलं, पण शनिवारी घाणा बंद ठेवला. म्हणून लोक 'शनवार तेली' म्हणायचे. तरी इथे १९६०च्या दशकात लग्नाआधी आमच्या लोकांची वंशावळ तपासली जायची. आम्ही सर्व बाबतींत ज्यू आहोत, हे १९६४ साली सरकारला जाहीर करावं लागलं.

लेकीला हे सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे अब्राहामलाही कोणीतरी विचारलं असेल, तू कुठला?"

तुमच्या मुलांना कोणी असं विचारलं, तर तुम्ही काय सांगता? जरूर लिहा.