नेरूळ ते कर्जत : एका पिवळ्या विमानाचा प्रवास

प्रवासवर्णन म्हटले म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढे काशी, काश्मीर, निदान महाबळेश्वर तरी उभे राहते. आम्ही जो प्रवास सांगणार आहो तो नेरुळातील आमच्या घरापासून कर्जतच्या अलीकडील एका भातखाचरापर्यंतचा, म्हणजे पन्नास किलोमीटरांच्या आतबाहेरचा आहे. गाडीने त्यास दीड तास लागला. तयारीस मात्र आठ महिने लागले. सोबत आमचे चिरंजीव व त्यांचा बारा वर्षांचा मुलगा होता, आणि मागच्या आसनावर जुन्या लुगड्यात गुंडाळलेले, पंख व धड निरनिराळे केलेले, पिवळ्या रंगाचे एक विमान होते.

हे विमान घरात कसे आले ते आधी सांगितले पाहिजे. २०२५ च्या मे महिन्यात चिरंजीवांनी मुलाच्या वाढदिवसासाठी एक लांबट पेटी मागविली. पेटीवर विमानाचे सुबक चित्र होते; आत मात्र विमान नव्हते, विमानाचे सामान होते. लेझरने कापलेल्या लाकडी तुकड्यांचे पातळ तक्ते, काही काटक्या, तारा, चाके आणि एक मोठा नकाशा. नातू हिरमुसला. आम्हांस मात्र, का कोण जाणे, ती पेटी पाहून आनंद झाला. नकाशा उलगडला तेव्हा तो जेवणाच्या मेजावर मावेना, व मावला असता तरी घरातील मंडळींनी तो तेथे राहू दिला नसता. अखेर दिवाणखान्यातील दिवाण आमच्या ताब्यात आला.

चित्रातील विमान ‘पायपर कब’ ह्या अमेरिकन विमानाची प्रतिकृती होय. मूळ विमान १९३८ ते १९४७ ह्या काळात सुमारे वीस हजार इतक्या संख्येने तयार झाले, व हजारो तरुण त्यावर उडावयास शिकले. दोन माणसे बसतील एवढे धड, माथ्यावर पंख, कापडाचे आच्छादन, अंगभर पिवळा रंग आणि कुशीवर विजेसारखी एक काळी रेघ. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूस उतरले ते ‘पस मॉथ’ विमानही असेच माथ्यावर पंख असलेले होते. आमच्या प्रतिकृतीचा पक्षविस्तार १२० सेंटिमीटर, म्हणजे मूळ विमानाच्या नवव्या हिश्श्याइतका.

लाकूड बाल्साचे. ह्या लाकडाविषयी आम्ही ऐकून होतो. हातात घेतले तेव्हा मात्र क्षणभर काही उचलले असे वाटेच ना. सागाच्या चौथ्या हिश्श्याइतकेही वजन नाही. हा वृक्ष दक्षिण अमेरिकेतला, मुख्यत्वे इक्वेडोर देशातून ह्याचे लाकूड जगभर जाते; पाचसहा वर्षांतच तोडण्याजोगा होतो. स्पॅनिश भाषेत ‘बाल्सा’ म्हणजे तराफा. १९४७ साली थोर हेयरडाल ह्यांनी ज्या ‘कॉन-टिकी’ तराफ्यावरून प्रशांत महासागर ओलांडला तो ह्याच ओंडक्यांचा होता. वनस्पतिशास्त्राप्रमाणे हा आपल्या काटेसावरीचा दूरचा नातलग आहे. हे कळल्यावर सौभाग्यवतींनी उशीतील सावरीच्या कापसाकडे एकवार व आमच्याकडे एकवार पाहिले, ते पाहणे मंजुरीचे होते असे आम्ही समजलो.

कामाची रीत अशी. नकाशा फळीवर पसरावयाचा, त्यावर पातळ प्लास्टिक घालावयाचे म्हणजे गोंद कागदास लागत नाही. मग पंखाची तुळई टाचण्यांनी बसवावयाची, आणि तिच्यावर एकेक बरगडी काटकोनात उभी करून चिकटवीत जावयाचे. बरगड्यांस क्रमांक घातलेले असतात. आम्ही चाळिशी सावरीत क्रमांक वाचावा, नातवाने तुकडा तक्त्यातून अलगद सोडवावा, असे चाले. झटपट चिकटणारा गोंद आम्ही प्रथम वापरला तेव्हा आमची दोन बोटे एकमेकांस चिकटली ती संध्येच्या वेळेपर्यंत सुटली नाहीत. पुढे आम्ही पांढऱ्या फेविकॉलवरच भिस्त ठेवली. त्याचे वाळणे सावकाश, पण चूक सुधारण्यास अवधी देणारे.

जून लागला, आणि नवी मुंबई म्हणजे काय ते विमानाने आम्हांस शिकविले. सिडकोने १९७० नंतर ठाणे-बेलापूरच्या पट्ट्यात हे शहर वसविले. त्यातील पुष्कळशी भूमी खाजणाची, मिठागरांची व भातशेतीची. पामबीच रस्त्याच्या पलीकडे आजही तिवरे व रोहितपक्ष्यांची तळी आहेत. तेथून जी दमट हवा येते ती पावसाळ्यात पापड, पुस्तके व बाल्सा यांत भेद करीत नाही. जुलैच्या एका सकाळी उजवा पंख फळीवर ठेवला तो एक कोपरा पाच मिलिमीटर वर उचललेला! डावा सरळ होता. पाच मिलिमीटरांनी काय होते, असे आम्ही म्हणालो. नातवाने पुस्तिका वाचून दाखविली: एक पंख पिळलेला असेल तर एका बाजूची उचल अधिक होते, व विमान आपले आपणच कुशीवर वळते. मग तो पंख वाफेने किंचित ओलसर करून, वजने ठेवून, चार दिवस फळीस जखडला. आच्छादनाचे काम आम्ही शरद ऋतूपर्यंत लांबणीवर टाकले.

ह्याच महिन्यांत ती दुसरी गोष्ट घडली, जिच्यासाठी आम्ही खरोखर हा लेख लिहावयास घेतला.

आम्ही मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशात शिरलो व तीस वर्षांहून अधिक काळ संस्कृत आणि मराठी शिकविले. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली, राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे विमान उडविले, ही कथा आम्ही प्रत्येक वर्गास सांगत असू. मुलांचे डोळे मोठे होत, आणि खरे सांगावयाचे तर आमचेही होत. नातू सोसायटीच्या गणेशोत्सवात वक्तृत्वस्पर्धेत उतरणार होता; त्यासाठी ह्याच विषयावर भाषण आम्ही लिहून दिले. तो ते पाठ करीत होता आणि हाताने पंखाच्या बरगड्या घासत होता. मध्येच थांबून त्याने विचारले, “आजोबा, तळपद्यांच्या विमानाचे वजन किती होते? गुरुत्वमध्य कोठे होता?”

प्रश्न अवघड नव्हता. आमच्या चिमुकल्या विमानाच्या नकाशावर त्याचे उत्तर ठळक अक्षरांत छापले होते. आम्ही म्हणालो, शोधून सांगतो. आठ दिवस शोधले. ना नकाशा, ना वजन, ना पंखाचे माप. त्या उड्डाणाचा समकालीन, भरवशाचा पुरावा आजवर पुढे आलेला नाही. ज्या हकीकती सांगितल्या जातात त्या पुष्कळ मागाहून लिहिलेल्या आहेत. ‘वैमानिकशास्त्र’ हा जो भरद्वाजांच्या नावाचा ग्रंथ ह्या कथेच्या आधारास दाखवितात, त्याची परीक्षा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली प्रसिद्ध केली. ग्रंथाची रचना विसाव्या शतकाच्या आरंभीची आहे व त्यात वर्णिलेली विमाने उडणे शक्य नाही, असा त्यांचा निर्णय. विमाने तपासण्यास विज्ञान लागले असेल. परंतु ग्रंथाची भाषा आर्ष नव्हे, हे ओळखण्यास आमच्याएवढे संस्कृतही पुरे होते. आम्ही तो ग्रंथ कधी उघडलाच नव्हता.

भाषण नातवाने स्वतः पुन्हा लिहिले. तळपदे यांची ओढ खरी, उड्डाण सिद्ध नाही, एवढे सांगून तो १८७८ सालाकडे वळला: त्या वर्षी राइट बंधूंच्या वडिलांनी मुलांसाठी रबराच्या पीळाने उडणारे एक खेळणे आणले होते; ते आल्फोन्स पेनो नामक फ्रेंच गृहस्थाच्या कल्पनेवरून केलेले होते. खेळणे मोडले तेव्हा मुलांनी स्वतः दुसरे केले. भाषणास पारितोषिक मिळाले नाही. उलट एका वयोवृद्ध स्नेह्यांनी, “मास्तर, नातवास हे काय शिकविता?” असे मंडपातच आम्हांस विचारले. आम्ही काही बोललो नाही. मात्र भ्रमणध्वनीवर आमच्या जुन्या विद्यार्थ्यांचा एक समूह आहे, तेथे त्या रात्री लिहिले की, अमुक कथा आम्ही तुम्हांस न पडताळता सांगितली, ती तुम्ही पुढे सांगू नये. तिघांनी नमस्कार धाडले. चौथ्याने लिहिले, “सर, मी ती माझ्या मुलीला सांगून झालो आहे.” ह्यास काय उत्तर द्यावे ते आम्हांस अद्याप सुचलेले नाही.

असो. ऑक्टोबरात हवा कोरडी झाली. पिवळे आच्छादन म्हणजे उष्णतेने आकसणारी एक पातळ फिल्म. कडेकडेने चिकटवून मग मध्यावरून इस्त्री फिरविली की सारा सैलपणा जाऊन ती मृदंगाच्या पुडीसारखी ताणते. सांगाडा एका संध्याकाळी पक्षी झाला. मग मोटर, बॅटरी, सुकाणू व झडपा हलविणारी चार लहान यंत्रे आणि हातातील प्रेषकयंत्राच्या लहरी झेलणारा ग्राहक आपापल्या जागी बसले.

आता गुरुत्वमध्य. पंखाच्या पुढील कडेपासून ५३ मिलिमीटरांवर तो हवा, म्हणजे पंखाच्या रुंदीच्या तीन दशांशांवर. तेथे दोन्ही बाजूंस बोटे टेकून विमान उचलले तो शेपूट खाली बसली. कबचे नाक आखूड. बॅटरी पुढे सारावी तरी किती? नाकात शिसे घालणे प्राप्त होते. ते शोधीत आम्ही बेलापूरजवळच्या दिवाळे गावी गेलो, कारण कोळ्यांच्या जाळ्यांस शिशाचे मणी असतात. मासळीबाजारातून वाट काढण्याचा हा आमच्या आयुष्यातील पहिला प्रसंग. घरी आल्यावर प्रथम स्नान करावे लागले ते निराळे. जाळे विणीत बसलेल्या वृद्धाने, कशासाठी हवे, असे विचारले. विमानासाठी, असे ऐकताच तो हसला व म्हणाला की, विमानाने आमची खाडी नेली, आता शिसेही नेणार काय? त्याचा रोख पलीकडच्या विमानतळावर होता. तेथे उलव्याची टेकडी कापली, नदीचे पात्र वळविले, आणि वाघिवली, कोंबडभुजे, तरघर अशी दहा गावे उठविली. शिशाचे पैसे मात्र त्याने रीतसर घेतले. तीस ग्रॅम लागले. सर्व मिळून विमान ६४० ग्रॅम भरले.

तो विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटित झाला व २५ डिसेंबरास तेथून प्रवासी विमाने उडू लागली. आमचे विमानही त्याच सुमारास पुरे झाले, आणि येथे पेच पडला. आम्ही मनाशी योजलेले मैदान घरापासून चालत दहा मिनिटांवर होते. परंतु २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे देशाच्या आकाशाचे लाल, पिवळे व हिरवे असे विभाग केलेले आहेत. लाल विभागात केंद्र सरकारच्या अनुज्ञेवाचून काही उडवावयाचे नाही, पिवळ्यात विमानतळाच्या नियंत्रणकक्षाची अनुज्ञा हवी. अडीचशे ग्रॅमांहून अधिक व दोन किलोंपर्यंतचे आमचे विमान ‘सूक्ष्म’ वर्गात मोडते. हौसेसाठी उडविणारास चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही, पण आकाश मोकळे असले पाहिजे. सरकारी नकाशा संगणकावर उघडून पाहिला तो आमच्या नेरुळावर हिरव्याचा ठिपका नाही. शेजारच्या एका तरुणाने, “आजोबा, एवढेसे तर विमान, कोण बघतो?” असा सल्ला दिला. उतरणाऱ्या विमानात दोनशे माणसे असतात, एवढेच आम्ही त्यास म्हटले.

म्हणून जानेवारीच्या एका रविवारी पहाटे पाचास निघालो. पनवेल मागे पडले, प्रबळगडाच्या काळ्या भिंतीवर तांबडे फुटले, चौकाजवळ इर्शाळगडाचा सुळका उजळला. चौकास चहा घेतला. तेथून कर्जतच्या रस्त्यास चिरंजीवांच्या परिचयाच्या एका शेतकऱ्याचे खाचर, भात कापून मोकळे झालेले. वारा नाही, गवतावर दव. नातवाने संगणकावरील आभासी उड्डाणात शेकडो वेळा विमान आपटून विद्या मिळविली होती, म्हणून प्रेषकयंत्र त्याच्या हाती. फेकण्याचे काम आमच्याकडे. खाचरात चाके धावणार कशी? त्याने झडपा हलवून पाहिल्या, मोटर घुमू लागली, आणि “सोडा आजोबा!” असे तो ओरडला. आम्ही सहा पावले धावलो, धोतराचा सोगा सावरीत, आणि सोडले.

ते प्रथम डावीकडे झुकले. आमच्या पोटात गोळा आला. मग नातवाने सावरले, व ते वर चढले. उगवत्या उन्हात आच्छादनाआडच्या साऱ्या बरगड्या दिसत होत्या; कोणती आम्ही चिकटविली, कोणती त्याने, हेही सांगता आले असते. विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागले म्हणजे डावेउजवे उलटे होते. तेथे तो दोनदा चुकला, दोनदा सुधारला. चार मिनिटांनी उतरताना बांध आडवा आला. विमान नाकावर पालथे झाले, प्रॉपेलर मोडला, एका चाकाची तार वाकली. नातू धावत गेला, व तेथूनच त्याने हात वर केला. पंख शाबूत होते.

परतताना पनवेलीपाशी एक मोठे विमान आमच्या डोक्यावरून उलव्याकडे उतरत गेले. नातवाने ते पाहिले नाही. तो मांडीवरील वाकलेली तार बोटांनी सरळ करीत होता. नवा प्रॉपेलर मागविला आहे. तो येईपर्यंत दिवाण पुन्हा आमच्या ताब्यात आहे.