जाड दांडी

हडपसरच्या गाडीतळावरून सासवडचा रस्ता फुटतो. वडकी मागे पडली की दिवे घाट लागतो. आपाचे सासर सासवडला, त्यामुळे हा घाट आम्हा दोघा भावांच्या पायाखालचा. जुनी फियाट पालिओ १.६ घेतली तेव्हा मात्र पहिल्याच वळणावर ती एका अंगाला कलली. मागे बसलेल्या अम्मीने दार घट्ट धरले.

गॅरेजवाले चाचा म्हणाले, "पाहिजे तर स्टॅबिलायझर बार जाड टाकून देतो." हा बार म्हणजे पुढच्या डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी पोलादी दांडी. वळणावर गाडी कलू लागली की दांडी पिळली जाते आणि कलण्याला विरोध करते. भरीव दांडीचा व्यास २० वरून २२ मिलिमीटर केला, तर ती पिळायला जवळजवळ दीडपट जोर लागतो. दोन मिलिमीटरच्या या किमयेने आम्हांला भुरळ घातली.

बार बसला. घाटात गाडी सरळ राहिली, आम्ही खूश. पण आता एका चाकाखालचा खड्डा दुसऱ्या चाकालाही हादरवू लागला. सासवडला उतरताना अम्मी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मोड पर झुकती नै, पर खड्डे में जान निकालती रे."

तिच्या कमरेचे दुखणे आम्हांला ठाऊक होते. तरी बार निवडताना आम्ही फक्त स्टिअरिंगवरच्या हातांचाच विचार केला होता. मूळ बार पुन्हा लावून घेतला, झिजलेले रबरी बुश तेवढे बदलले. गाडी अजून थोडी कलते. वळणाआधी आम्ही वेग कमी करतो. अम्मी आता दार धरत नाही.